सूर्यास्तानंतरचे नाझरकाका

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत लोक भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थी बघतात, चंद्रोदय बघतात, सिलिंडर कधी लावला ते लिहून ठेवतात. नाझरकाका सूर्यास्त बघतात. सूर्यास्ताच्या मिनिटाला फाटकाला कुलूप लागतं, ते दोनदा ओढून पाहिलं जातं आणि मग काका रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला बजावतात, "आता जो आत येईल, तो 41 मध्ये येईल!" एकदा कुरिअरचा पोरगा बावरून म्हणाला, "नाही हो काका, माझं पार्सल 27 नंबरचं आहे."

काका दिवाणी कोर्टात नाझर होते. समन्स, वॉरंट, जप्ती, सगळं नाझराच्या टेबलावरून जाणार आणि बेलिफ त्याच्या हाताखाली राबणार. म्हणजे या गृहस्थांची अख्खी हयात दुसऱ्याच्या घरात कायद्याने माणसं घुसवण्यात गेली. त्याचीही पथ्यं असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर जप्तीसाठी राहत्या घरात पाऊल टाकायचं नाही. कलम 60 प्रमाणे अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि धार्मिक रूढीनुसार बाईला अंगावेगळे करता न येणारे दागिने उचलायचे नाहीत. चोरमंडळी यातलं एकही पथ्य पाळत नाहीत, याचं काकांना मनापासून वाईट वाटतं. मागच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा चोरट्यांनी कपाटातलं मंगळसूत्र तर नेलंच, जाता जाता पितळी पातेलंही उचललं. बायका मंगळसूत्रावरून हळहळत होत्या. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "पातेलंसुद्धा? अहो, जप्तीतदेखील नेता येत नाही!"

त्यांच्या आयुष्यातलं मोठं संकट मात्र चोराने आणलं नाही, संसदेने आणलं. 1 जुलै 2024 ला 1860 ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची 96 ते 106 ही कलमं काकांना मारुतिस्तोत्रासारखी पाठ होती. ती 34 ते 44 झाली. मजकूर जवळपास तोच, घरं बदललेली. त्यातही एक बदल त्यांच्या जिव्हारी लागला. जुन्या कायद्यात 103 म्हणजे मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा नाही, असं सांगणारं कलम. नव्या कायद्यात 103 म्हणजे खुनाची शिक्षा. "उद्या एखादा म्हातारा पोलिसांना सांगेल, साहेब, मी जे केलं ते 103 प्रमाणे केलं," काका म्हणतात, "आणि हवालदार म्हणेल, बरं झालं, कबुलीजबाब आला!"

असा माणूस म्हणजे घरात शस्त्रागार असेल, असा नव्या भाडेकरूंचा समज होतो. प्रत्यक्षात दाराशी एक वेताची काठी, उशाशी बॅटरी आणि खिशात शिट्टी, एवढाच सरंजाम. काकांचा खरा धाक चोरांपेक्षा शेजाऱ्यांना जास्त. पलीकडच्या बंगल्यातल्या साहेबांनी दिवाणखान्यात आजोबांची तलवार टांगली. काका टेप घेऊन पातं मोजायला हजर! "9 इंचांच्या वर आहे. परवाना कुठाय? चोर येईल तेव्हा येईल, तुमच्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा आधी दाखल होईल." साहेब म्हणाले, "आणि तुमच्याकडची विळी?" काका म्हणाले, "ती कांदा चिरते."

दुसऱ्या एकाने कंपाउंडच्या तारेत रात्री करंट सोडायचा बेत केला. गावाकडे रानडुकरांसाठी सोडतात, त्याला काय होतंय, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी काका पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "त्या तारेने गावाकडे माणसं मेलीत आणि शेतकरी सदोष मनुष्यवधात अडकलेत. स्वसंरक्षण म्हणजे समोर धोका दिसतोय आणि आपण तो थोपवतोय. तू घोरत पडणार, आणि तार पहाटेच्या दूधवाल्याला धोका समजणार. त्याच्या बायकोला कुठलं कलम वाचून दाखवशील?" तारेत करंट गेला नाही. तिच्यावर आता टॉवेल वाळतात.

काकांचा सगळा कायदा एका वाक्यात मावतो: 41 वाचून काठी उचलायची, 37 वाचून खाली ठेवायची. कलम 41 सांगतं की जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग, किंवा जिवाची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशी चोरी, अशा वेळी तुमचा अधिकार थेट हल्लेखोराच्या जिवापर्यंत पोचतो. इथवर ऐकून ओट्यावरच्या तरुण मंडळींचे बाहू फुरफुरायला लागतात. तेवढ्यात काका 37 काढतात. पोलिसांची मदत घेण्याइतकी सवड असेल तर हा अधिकारच नाही, आणि असला तरी बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. मग कोणीतरी विचारतोच, "अंधारात चोर अंगावर आल्यावर किती इजा लागेल ते मोजत बसायचं का?" काका खूश होतात. हा प्रश्न यावा म्हणूनच ते थांबलेले असतात. "नाही. घाबरलेल्या माणसाने प्रत्येक फटका सोन्याच्या तराजूत तोलावा, अशी अपेक्षा सुप्रीम कोर्टही धरत नाही. पण तो पळायला लागल्यावर तू पाठलाग करून हाणलंस, तर ते कोर्ट नक्की तोलेल."

या विद्येची पहिली परीक्षा घरातच झाली. मुलगा पुण्याहून रात्री उशिरा आला. आई-बाबांची झोप नको मोडायला म्हणून कंपाउंडवरून उडी मारली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात घालून मागच्या दाराची कडी चाचपू लागला. आत ओट्याशी काका अंधारात उभे. शरीराचा कोणताही भाग आत आला की प्रवेश पूर्ण झाला, हे त्यांना ठाऊक. त्यांनी मनगट धरून पिरगाळलं आणि कायद्याला धरून पहिला प्रश्न विचारला, "हेतू काय?"

"झोपायचा, बाबा," बाहेरून विव्हळत उत्तर आलं.

काकूंनी दिवा लावला. काकांना खेद वगैरे काही झाला नव्हता, उलट डोळे चमकत होते. आपल्याच घरात रात्री शिरणाऱ्याला कोणी प्रामाणिकपणे घरफोड्या समजून झोंबला, तर झोंबणाऱ्याचा गुन्हा नाही. मात्र आत येणाऱ्यालाही उलट झोंबण्याचा तेवढाच अधिकार आहे, असं उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. इंग्रजांच्या काळापासूनचं ते उदाहरण त्यांच्या स्वयंपाकघरात जसंच्या तसं घडलं होतं! "तुलाही माझा हात पिरगाळता आला असता," ते मुलाला समजावत होते, "तू अधिकार बजावला नाहीस, ती तुझी मर्जी." काकूंनी हळद गरम करून मनगटावर थापली आणि म्हणाल्या, "अहो, निकाल लागला असेल तर बाजूला व्हा, दूध उतू चाललंय."

दुसरी परीक्षा खरी होती. मध्यरात्रीनंतर बंद घराच्या गॅलरीत चढलेला एक विशीतला पोरगा मागच्या बोळात सापडला. 'चोर, चोर' झालं, स्टंप निघाले, हॉकी स्टिक निघाल्या. दोन-चार फटके बसले तसा तो पाण्याच्या टाकीखाली डोकं धरून खाली बसला. नाझरकाका बंडीवर, बॅटरी घेऊन आले आणि गर्दी आणि पोरगा यांच्या मधे उभे राहिले.

"बस्स. तो आता बसलाय. बसलेल्या माणसाविरुद्ध स्वसंरक्षण नसतं."

"उद्या जामिनावर सुटेल हा, काका!"

"सुटेल. आणि आता तू मारलंस तर तू आत असशील आणि हा फिर्यादी." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "112 ला फोन लावा. पकडल्याची वेळ लिहून घ्या. आपल्यासमोर असा गुन्हा घडला तर सामान्य माणसालाही पकडता येतं, पण विलंब न लावता, फार तर 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पाणी द्या त्याला."

गाडी येईपर्यंत काका तिथेच उकिडवे बसून होते. पोरगा थरथरत होता, आणि स्टंपवाले एकेक करून आपापले स्टंप पाठीमागे लपवत होते. त्या रात्री कॉलनीतला कोणीही कोठडीत गेला नाही. याचं श्रेय काठीला जात नाही.

घर राखायला छाती लागते असं लोक म्हणतात. ती बऱ्याच जणांकडे असते. हात कुठे थांबवायचा हे ठाऊक असणारा एखादाच असतो, आणि तो बहुधा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय असतो. तुमच्या गल्लीत असे नाझरकाका असतील तर खुशाल हसा त्यांना. पण रात्री खुडबूड ऐकू आली की पहिला फोन 112 ला करा, आणि दुसरा त्यांना.