‘टायर झिजेपर्यंत बघायला नको’ म्हणणाऱ्या दुकानदारास

दुकानदार महाशय,

जूनमध्ये माझ्या भाच्याच्या माउंटन बाइकचे दोन्ही टायर तुम्ही ट्यूबलेस करून दिलेत आणि पैसे मोजून घेताना म्हणालात, “आता टायर झिजेपर्यंत बघायला नको.” मार्चमध्ये टेकडीमागच्या माळावर मागच्या चाकात सराटा घुसला. पाऊस सरला की आपल्याकडे वाटेवाटेवर ज्यांचा सडा पडतो, त्यातला एक सराटा! पोराने पंप मारला, हवा टिकेना. अंधारात सायकल ढकलत तो घरी आला.

आम्ही टायर उघडला. आत थेंबभर ओल नव्हती. कडेला वाळलेली पातळ पापडी आणि तळाशी रबराचा एक गोळा, बस्स.

सीलंट वाळतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग दारावर ट्यूबलेसची पाटी कोणत्या जोरावर लावलीत? आणि ठाऊक असूनही तुम्ही तसं सांगितलं असेल, तर ती फसवणूक आहे.

सीलंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराच्या चिकाचे कण. ते आधीच आळू नयेत म्हणून अनेक सीलंटमध्ये अमोनिया घालतात. काटा निघाला की भोकातून सुटणारी हवा हा द्रव सोबत ओढते, कण भोकाच्या कडांना अडकतात, साचतात आणि भोक बुजतं. हे सगळं द्रव पातळ असेल तरच घडतं. बंद टायरमधूनही पाणी हळूहळू उडत असतं. साधारण दोन ते सहा महिन्यांत ते संपतं आणि मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर काढून आत बघणं, कमी असेल तर भर घालणं, हे ट्यूबलेसचं नेहमीचंच काम आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला नेमकं तेवढंच सांगितलं नाहीत.

आता तुमची हातोटी. बाटलीवर ‘चांगली हलवून वापरा’ असं छापलेलं असतं, कारण भोक बुजवणारे जड कण तळाशी बसतात. मनगट दुखत होतं का हो? ताक न घुसळता वरचं पाणी वाढावं, तसं तुम्ही ओतलंत. भाचा समोरच उभा होता. मापही नाही. २९ इंची, सव्वादोन इंच रुंद टायरला साधारण ९० ते १२० मिली लागतं. ते सिरिंजने मोजून भरायचं असतं, अंदाजपंचे नव्हे.

तक्रार घेऊन गेलेल्या पोराला तुम्ही वर सल्ला दिलात, “मोटारसायकलचा जेल टाक, तो वाळत नाही.” वाळत नाही, खरं आहे. पण तो घट्ट जेल टायरच्या नक्षीमागे बसण्यासाठी असतो. सायकलच्या हलक्या टायरची हवा बाजूच्या भिंतींतून आणि रिमच्या कडेतूनही झिरपते. तिथवर पसरायला पातळ चीकच लागतो.

१९९९ मध्ये माविक कंपनीने माउंटन बाइकसाठी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा ते टायर जाड, जड आणि सीलंटशिवायही हवा धरणारे होते. आजचे टायर हलके झाले ते सीलंटच्या भरवशावर. २०-२५ पीएसआयवर दगडांना धरून पळणारी, रिम आपटली तरी ट्यूब चावली जाण्याची भीती नसलेली सायकल हे या खेळातलं मोठं सुख आहे. शाळा-कॉलेजातली मुलं खाऊचे पैसे साठवून ते विकत घेतात आणि तुमच्यावर विसंबून एकटी डोंगरात जातात. त्यांना तुम्ही अर्धवट काम विकता, याचा मला संताप आहे.

शनिवारी सकाळी दोन्ही चाकं घेऊन येतोय. जुनी पापडी खरवडून काढा, बाटली आमच्यासमोर हलवा, सिरिंजने मोजून भरा आणि रिमवर मार्करने तारीख लिहा. पुढे ज्याचा टायर कराल, त्याच्याही रिमवर तारीख लिहा आणि पुन्हा कधी यायचं ते त्याला सांगा.

तुमच्याकडून फसलेल्या मुलाचा मामा