मुक्कामाला माणूस लागतो

नाशिकला दोन दिवस जायचे ठरले की पहिला फोन ओळखीच्या नाशिककराला जातो. छोटे, टुमदार, घरगुती वाटेल असे एखादे हॉटेल सांग. नाशिककर दोन-तीन नावे सांगतो. मग मोबाइलवर फोटो पाहिले जातात आणि ज्या खोलीतला दिवा पिवळा, उशा जास्त आणि भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले, ती खोली पक्की होते.

ही निवड चुकीच्या टोकापासून सुरू होते. फोटो खोलीचा असतो, मुक्काम गावात करायचा असतो. पहाटे दार कोण उघडेल, खिडकी उघडते का, जिना उतरल्यावर नाशिक लागेल की महामार्ग, यातले काहीही फोटोत येत नाही.

म्हणून आधी भाग ठरवा. नाशिक रोडला खोली घेतली तर स्टेशन जवळ पडते आणि शहर आठ-नऊ किलोमीटर लांब राहते. द्वारका, मुंबई नाका इथे गाडी लावायला जागा मिळते, पण रात्रभर महामार्गाचा आवाज सोसावा लागतो. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड खाण्यापिण्याला उत्तम. गोवर्धन आणि गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे आहेत, मोकळी हवा आहे, संध्याकाळचा गारवा आहे. ज्याला नुसते स्वस्थ पडायचे आहे त्याने खुशाल तिकडे जावे. मात्र तिथून पहाटे रामकुंडावर पायी येता येत नाही. दर वेळी गाडी काढावी लागते आणि दोन दिवसांतला बराच वेळ तिच्यातच जातो.

पहिल्यांदा येणाऱ्याने जुन्या नाशकात किंवा पंचवटीत उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली लहान असेल. गल्लीत गाडी शिरणार नाही. देवळांच्या घंटा लवकर सुरू होतील. पण चपला पायात सरकवल्या की थोड्या वेळात गोदावरी. नारोशंकराचे देऊळ, सुंदरनारायण, भांडी बाजार, सराफ बाजार, पेशवाईतला सरकारवाडा, १८४० साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय, सगळे पायांच्या टप्प्यात. ज्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू केला, त्या काळारामाच्या दारापुढे गर्दी व्हायच्या आत उभे राहता येते. ज्यांना आत पाऊल टाकण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, त्यांची आठवण तिथे निवांत करावी. गाडीतून उतरून दहा मिनिटांत परत बसणाऱ्याला ते जमत नाही.

भाग ठरला की यजमान पाहा. प्रवाशाला उतरवून घेणे हा या गावाचा जुना धर्म आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरून घेतलेला लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याच्या दानांची यादी आहे. भडोच, मंदसौर, सोपारा आणि गोवर्धन या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, बागा केल्या, विहिरी आणि तळी खोदली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. यातले गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचेच. आज जिथे द्राक्षमळ्यांमध्ये राहायला लोक मुंबई-पुण्याहून येतात, त्याच मातीत.

याच लेण्यात दुसरा एक हिशेबही कोरला आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक आणि १,००० वर पाऊण व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून कपडालत्ता आणि इतर गरजा भागवायच्या. वास्तू उभारली की काम संपले असे त्याने मानले नाही. तिथे राहणाऱ्याची पुढची सोयही लावून ठेवली. आजच्या किती हॉटेलांत रंगरंगोटीइतका विचार देखभालीचा होतो?

पुढच्या काळात यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत उतरू लागले. गाव आणि आडनाव सांगितले की जुनी वही निघायची आणि आपले पणजोबा इथे कधी, कोणाबरोबर येऊन गेले ते समजायचे. अनोळखी गावात पाहुण्याला स्वतःचेच घराणे भेटायचे. त्यानंतर गाडगेबाबांनी गोदाकाठी धर्मशाळा बांधली, ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्यासाठी. हातात झाडू घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाने पाहुणचाराची पहिली अट सांगून ठेवली आहे: जागा स्वच्छ हवी. मोरी तुंबलेली असेल तर भिंतीवरची वारली चित्रे काढून टाकली तरी चालतील, आधी मोरी साफ करा.

दानाचा निवारा, उपाध्यायाचा वाडा, बाबांची धर्मशाळा. तिन्ही ठिकाणी येणाऱ्याची काळजी वाहणारे कोणीतरी होते. छोट्या हॉटेलची खरी मिळकत हीच असते. मोठ्या हॉटेलकडे लिफ्ट, पोहण्याचा तलाव आणि गणवेशातली माणसे असतात. छोट्याकडे मालक असतो. तो जागेवर नसेल तर छोट्या हॉटेलात उतरण्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एक फोन करा. फोन मालकाने किंवा रोज तिथे असणाऱ्या माणसाने उचलला पाहिजे. त्याला सरळ प्रश्न विचारा.

खिडकी उघडते का आणि कुठे उघडते? शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी खिडकी ही खिडकी नव्हे. गरम पाणी किती वाजेपर्यंत असते? पहाटे नदीवर जाऊन नऊला परतणाऱ्याला आठला बंद होणारे पाणी काय कामाचे?

खोली २४ तासांच्या हिशेबाने मिळते की दुपारी १२ ला सोडायची? १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत धावते. ती सकाळी नऊच्या सुमारास नाशिक रोडला पोहोचते. तिने आलेल्या कुटुंबाला दुपारपर्यंत बॅगा घेऊन बाकावर बसवून ठेवणे हा पाहुणचार नव्हे. जुन्या लॉजची २४ तासांची पद्धत प्रवाशाच्या सोयीची होती. ती ज्याने टिकवली आहे, त्याला पहिली पसंती द्या.

एकटी बाई आली तर खोली देता का? या प्रश्नाला 'बघावे लागेल' असे उत्तर आले की फोन ठेवा. ओळखपत्र दाखवणाऱ्या सज्ञान बाईला, ती एकटी आहे एवढ्याच कारणाने परत पाठवणे लाजिरवाणे आहे. परीक्षेला, मुलाखतीला, कोर्टाच्या तारखेला मुली आणि बायका एकट्या येतात. त्यांनी रात्र कुठे काढायची?

आणि ड्रायव्हर कुठे झोपतो? हा प्रश्न प्रवासी विचारत नाहीत, म्हणून हॉटेलवालेही सोय करत नाहीत. चार जणांचे कुटुंब मऊ गादीवर झोपते आणि त्यांना त्र्यंबकेश्वर, वणी फिरवून आणणारा माणूस गाडीची सीट मागे पाडून, काच अर्धी उघडी ठेवून, डास मारत रात्र काढतो. सकाळी घाट त्यालाच चढायचा असतो. त्याला एक कॉट, पंखा आणि अंघोळीला पाणी देणारे हॉटेल निवडा. चार पैसे जास्त पडले तरी तेच निवडा. ही माणुसकी तर आहेच, तुमच्या मुलाबाळांची सुरक्षितताही त्यातच आहे.

शेवटचा प्रश्न: सकाळी खायला कुठे जाऊ? 'आमच्याकडे बुफे आहे' एवढेच उत्तर आले, तर तो माणूस आपल्या गावाला ओळखत नाही. मिसळ कुठली तिखट, कुठल्या रश्शाला काळ्या मसाल्याची चव, रविवारी किती वाजता पोहोचावे म्हणजे रांग लागणार नाही, घरी न्यायला चिवडा कुठून घ्यावा, हे जो न विचारता सांगतो, त्याच्याकडे डोळे मिटून खोली घ्या.

आता पैशाचे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याबरोबर हॉटेलवाल्याला आधी मिळणारी खरेदीवरच्या कराची वजावट गेली, हेही खरे. ती अडचण समजून घ्यावी. पण बिल मागावे आणि त्यावर कराचा आकडा वाचावा. बिल नको असेल तर कमी करतो, म्हणणाऱ्याला नको म्हणावे.

पैशाची खरी परीक्षा पुढे आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरले आहे. मुख्य स्नाने २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, आणि तिसरे नाशिकला ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला. त्या दिवसांत भाडे वाढणारच. वाढीव माणसे, पाणी, वीज, बंदोबस्त, सगळ्याला खर्च येतो. पण ऐनवेळी दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचा चेहरा पाहून भाव सांगणे म्हणजे लूट. १८६७ च्या सराई कायद्यानेसुद्धा सराईवाल्याला इतर कर्तव्यांबरोबर खोल्या आणि मोऱ्या स्वच्छ ठेवायला आणि दरांची यादी लावायला सांगितले होते. इंग्रजांच्या राज्यात लागणारी यादी आज लागायला कसली हरकत आहे?

सिंहस्थासाठी काचेच्या नव्या इमारती उभ्या राहतील. स्नाने आटोपली की त्यांतल्या खोल्या कोण भरणार, हा विचार आताच व्हायला हवा. त्याच वेळी जुन्या नाशकातल्या वाड्यांना पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून महापालिकेच्या नोटिसा जातात आणि एखाद्या मुसळधार रात्री कुठली तरी भिंत कोसळते. भाऊबंदकी, जुने भाडेकरू, दुरुस्तीचा खर्च, या कारणांनी वाडा पडेपर्यंत कोणी हात लावत नाही. सगळेच वाचणार नाहीत, हे मान्य. पण जे धड उभे आहेत, त्यांची माडी आणि चौक नीट करून चार-पाच खोल्या पाहुण्यांना देता येतील. सरकारची न्याहारी-निवास योजना आहेच. महापालिकेने परवानग्या एका खिडकीवर आणाव्यात, बँकांनी दुरुस्तीला कर्ज द्यावे. नवीन भिंतीवर खोटे चाक टांगण्यापेक्षा खऱ्या वाड्याची तुळई बदलण्यात पैसा घातला, तर प्रवाशाला नदीकाठी खोली मिळेल आणि गावाला आपले घर परत मिळेल.

हे घडवणे प्रवाशाच्याही हातात आहे. मालक जागेवर असलेले, स्वच्छ, पायी नदीवर पोहोचवणारे ठिकाण सापडले तर भाव पाडून मागू नका. पुढच्या वेळी त्यालाच थेट फोन करा आणि ओळखीच्या चार जणांना त्याचे नाव सांगा. नाशिकच्या हॉटेलवाल्यांनी सिंहस्थाचे दर आत्ताच दारातल्या फळ्यावर लिहावेत, आणि प्रवाशांनी तो फळा वाचल्याशिवाय पिशवी आत नेऊ नये.