रब्बीचे भाऊसाहेब

विजयादशमीचे सोने वाटून झाले, अजिंक्यताऱ्यावरून उतरणाऱ्या वाऱ्याला किंचित कोरडेपणा आला, आणि साताऱ्याच्या सदर बझारातील एखाद्या अंगणात धोतराचा काचा मारलेला, कानटोपी मात्र महिनाभर आधीच चढवलेला, हाती कात्री व बगलेत दप्तर घेतलेला कोणी वयस्क पुरुष उभा दिसला, की तो महसूल खात्यातून निवृत्त झालेला भाऊसाहेब असणार, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. १९४९ साली संस्थाने विलीन होऊन जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले तेव्हा त्यांची उमेदवारी चालू होती. पुढे १९६० साली दक्षिण साताऱ्याचे सांगली झाले, पण भाऊसाहेबांच्या दप्तरी तो फेरफार अद्याप मंजूर नाही, आणि विश्रामबागेतल्या व्याह्यांचा उल्लेख ते अजूनही ‘दक्षिणेकडील मंडळी’ असाच करतात.

हिवाळ्यापूर्वीच्या मशागतीस त्यांच्या भाषेत ‘बंदोबस्त’ म्हणतात. बागेचे एकूण क्षेत्र दीड गुंठा. तथापि तिचे जिरायत, बागायत आणि तुळशीवृंदावनाभोवतालचे देवस्थान इनाम असे तीन वर्ग असून प्रत्येकाची वही स्वतंत्र आहे. पावसात माजलेली हरळी हे अतिक्रमण खरे, पण रीतसर नोटीस बजावल्याखेरीज ते उठवू नये असा दंडक असल्याने हरळीस दरसाल मुदतवाढ मिळते.

गुलाबांचे प्रकरण अधिक नाजूक. पाणी तोडावे, मुळांवरची माती सारून त्यांस चार दिवस ऊन दाखवावे, बाहेरच्या अंगास तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरकस छाट द्यावा, कापास मोरचूद व चुना कालवून लावावा आणि बुंध्याशी शेणखत भरावे, ही रीत निर्दोष असून भाऊसाहेबांना मुखोद्गत आहे. अडचण इतकीच, की जिवंत फांदीविरुद्ध हुकूम काढण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे अशी त्यांची न्यायबुद्धी आड येते, आणि कात्री उघडी धरून ते तासन्‌तास त्या डोळ्याला डोळा भिडवून बसतात. याच दिवसांत आमच्या तासगावकडे द्राक्षांच्या बागाच्या बागा गोडी छाटणीत उरकतात, असे व्याह्यांनी एकदा लिहून कळविले, तेव्हा ‘तिकडे सुनावणीची पद्धत नसावी’ असा जबाब उलट टपाली रवाना झाला.

वस्तुतः आपली थंडी बागेवर चाल करून येतच नाही. वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण झाले तर महाबळेश्वरची बातमी होते. साताऱ्यात फक्त स्वेटर निघतात, आणि गुलाब-शेवंतीस तर हाच काळ मानवतो. परंतु बागकामाचे एक विलायती पुस्तक लिलावात हाती लागल्यापासून बर्फाच्या धास्तीने भाऊसाहेबांनी मोगऱ्यास गोणपाट नेसविले आहे.

काकूंचा कारभार मागील दारी. तेथे नोंदवही नाही, वाफ्यात मेथी-मुळ्याचे बी फेकलेले, कुंपणावर पावटा चढलेला, आणि मोरीचे पाणी सर्वांस सारखे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांनी पुढील दारच्या शेवंतीची टोपलीभर फुले, अर्ज न करता, पहाटेच खुडून नेली. भाऊसाहेबांनी जागेवर जाऊन पंचनामा केला, वही उघडली आणि शेरा मारला: ‘माल महालक्ष्मीचे कलशावर आढळला. वसुली अशक्य. सबब सूट मंजूर.’