रीलवाले सर

आमच्या अमडापूरकडे गळाला 'गय' म्हणतात. ळ आला की त्याचा य करून मोकळं व्हायचं, ही वऱ्हाडी रीत. त्यामुळे इकडचा माणूस धरणावर गय टाकायला जातो आणि तिथे माशाची अजिबात गय करत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चाललं होतं. मग सर आले.

असे सर आता दर चार-पाच गावांमागे एक सापडतात. कुठे तो शिकवणी घेतो, कुठे विमा विकतो, कुठे त्याचं कृषी केंद्र असतं. पण दांडीला रील बसलं की त्याचा आपोआप सर होतो. त्याच्याकडे रीलं दोन असतात. एक दांडीवर, दुसरं मोबाइलात. पहिल्याला मासा नाही लागला तरी चालतं, दुसऱ्यात दिसावा लागतो.

आमचे सर महिन्यातून दोनदा पेनटाकळीच्या धरणावर जातात. पैनगंगेच्या त्या पाण्यात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेचा. तिथल्या लोकांना विचारून, चहा पाजून सर काठावर जागा मिळवतात. गावची बल्लाळदेवीची टेकडी चढायची म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो. धरणाच्या उतारावर मात्र हाच गुडघा तीन दांड्या, दांड्यांची घोडी, तंबू, घडीचा पलंग, डोक्याला बांधायची बॅटरी, मासा लागला की वाजणारे तीन अलार्म, त्या अलार्मांसाठी पॉवर बँक आणि एक गादी एवढं सामान चार खेपांत उतरवतो. गादी सरांची नव्हे. मासा धरल्यावर त्याला खरचटू नये म्हणून त्याला तिच्यावर निजवतात.

"मासोयीले गादी," संस्थेचे म्हातारे आबा एकदा ती दाबून बघत म्हणाले, "अन् मले गोटे."

गावात सगळ्यांचं एकमत आहे की या सामानानं सर आळशी झाले. मासा लागला हे यंत्र सांगणार, तोवर हे पलंगावर पसरणार. याला काय मासे धरणं म्हणायचं? मी बरोबर जाऊन दोन रात्री काढल्या आहेत, म्हणून सांगतो, आरोप साफ खोटा आहे. तंबू उभा करायला दीड तास. दांड्या एका उंचीवर आणायला अर्धा. मग अलार्मचा आवाज किती ठेवायचा यावर चिंतन. वारा आला की अलार्म वाजतो, पानकाडी अडकली की वाजतो, पहाटे अडीचला एक खेकडा तिन्ही अलार्म ओळीनं वाजवून गेला. सर प्रत्येक वेळी चप्पल न घालता धावले. एवढी मेहनत त्यांनी नोकरीत केली असती तर... असो, नोकरीचा विषय ते काढू देत नाहीत.

आळस बघायचा तर आबांचा बघावा. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, त्याला गय, गयाला गांडूळ. तंगुसाचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला, आणि आबा बाभळीखाली तोंडावर दुपट्टा घेऊन. ओढ आली की अंगठा जागा होतो, मग आबा. चार्जिंग नाही, बटण नाही, चिंतन नाही.

हे मी सरांना सांगितलं तर त्यांनी थेट इंग्लंड गाठलं. तिथल्या रिचर्ड वॉकर या गृहस्थानं १९५२ साली रेडमायरच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प धरला. विजेवर वाजणारा अलार्म याच वॉकरनं स्वतः बनवला होता. "रात्रभर जागणाऱ्या माणसाची सोय होती ती," सर म्हणाले, "झोपणाऱ्याची नाही." इतक्यावर ते थांबते तर सर कसले? कल्याणीच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे आणि माशांना काय चारावं याचीही त्यात चर्चा आहे, हे त्यांनी सुनावलं. मी गप्प बसलो. राजाचं सामान उतारावरून कोण उतरवत असेल, एवढंच मनात आलं.

चारा हा तर सरांचा हळवा कोपरा. विलायतेत कार्पसाठी पीठ आणि अंडी मळून, गोळ्या वळून, उकडून घेतात. पाकीट महाग पडतं म्हणून सरांनी त्या घरीच केल्या: रवा, बेसन, सहा अंडी, वर व्हॅनिलाचा इसेन्स. वहिनींनी पातेल्यात डोकावून विचारलं, "माशाले फुनके, अन् आपल्याले खिचडी?" ही गोळी गळाला टोचायची नाही, गळाला बांधलेल्या केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबकळत ठेवायची. कार्प खाणं ओढून घेतो, संशय आला की थुंकतो, आणि थुंकताना गळ ओठात रुततो. हे शोधणाऱ्यांनी आधी खरोखर माणसाचा केस वापरला होता. सरांना दुकानातला दोरा आणावा लागतो. घरून केस पुरवण्याची त्यांची परिस्थिती राहिलेली नाही.

तर असे फुणके तीन रात्री पाण्यात पडले आणि कोणी हुंगलेदेखील नाहीत. कारण आबांना माहीत होतं, पण आबांना कोणी विचारलं नव्हतं.

"सर, कटला वरतं चरते. तुमचं खानं खालतं बुडाशी. त्यानं काय बुडी मारून याव?"

विलायती विद्या तळाशी चरणाऱ्या सायप्रिनससाठीची, म्हणजे तिकडच्या त्या कार्पसाठीची. आपला कटला पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, रोहू मधल्या. शिवाय नव्या साधनांचं कटल्याला कौतुक ते काय असणार? साचलेल्या पाण्यात तो आपणहून वीत नाही. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी ओडिशात अंगुळला पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची पैदास करून दाखवली, त्यानंतर हवं तेवढं मत्स्यबीज मिळू लागलं आणि धरणाधरणांत बोटुकली सुटू लागली. ज्याचा वंशच इंजेक्शनवर चाललाय, तो तुमच्या अलार्मला काय भिणार?

चौथ्या रात्री मात्र मधला अलार्म वाजला आणि वाजतच राहिला. पाऊण तासानं काठावर तीनेक किलोचा सायप्रिनस आला. हा मासाही मूळचा बाहेरचाच. विलायती फुणका त्यानं बरोबर ओळखला. सरांनी त्याला गादीवर निजवलं, वर पाणी शिंपडलं, ओठाला औषध लावलं, सात फोटो आणि एक रील काढलं, आणि दोन्ही हातांनी अलगद परत पाण्यात सोडलं.

आबा दुपट्टा बाजूला करून उठून बसले.

"सोडली?"

"आबा, आपण खात नाही. गय करतो."

आबांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. "गय टाकून गय करता? मंग पह्यलेच टाकू नोका ना बाप्पा."

सरांकडे याला उत्तर होतं, पण उजाडायला आलं होतं आणि तंबू काही केल्या पिशवीत शिरत नव्हता. शेवटी एक टोक आबांनी धरलं. बसल्या जागेवरूनच धरलं. अंगठ्याचा तंगूस त्यांनी सोडला नव्हता.