शास्त्रकार गल्ल्यावर बसला होता

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथल्या बाजारपेठेतल्या जैन श्रावकाला शास्त्रकारांनी किती नेमकं ओळखलं होतं हे पाहायचं असेल, तर पर्युषणात संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमणाला, म्हणजे झाल्या चुकांच्या उजळणीला, यावं. आम्हा स्थानकवासींचे अतिचार, म्हणजे आचरणातले दोष, ९९. ज्ञानाचे १४, दर्शनाचे ५, बारा व्रतांचे ६०, कर्मादानाचे १५ आणि संलेखनेचे, म्हणजे अखेरच्या उपवासाचे, ५. शंभर का नाहीत, असं मी लहानपणी विचारलं होतं. काका म्हणाले, "शंभरावा तू."

तिसरं व्रत चोरी न करण्याचं. एवढ्यावर भागलं असतं. पण शास्त्रकार पुढे बजावतात : चोरीचा माल घेऊ नका, चोराला हाताशी धरू नका, राज्याचे कायदे चुकवू नका, खोटी वजनं-मापं ठेवू नका, चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळू नका. हे पाच अतिचार लिहिणारा माणूस रानात ध्यान लावून बसला होता, हे मला पटत नाही. तो दिवेलागणीपर्यंत कुणाच्या तरी पेढीवर बसलेला असणार. या पाचांपाशी आलं की स्थानकातला सूर एकदम द्रुत लयीत जातो, असा माझा अनुभव आहे.

सहावं व्रत दिशांचं. कुठल्या दिशेला किती लांब जायचं, याची हद्द आपणच ठरवायची. माझे मामा दौंडचे. पुणे, सोलापूर, मनमाड, बारामती अशा चहूकडे गाड्या सुटणाऱ्या जंक्शनात राहून त्यांनी तरुणपणी हे व्रत घेतलं. पुढे मुलगी बंगळूरला दिली आणि दक्षिण अपुरी पडली. मामांनी महाराजसाहेबांना विचारलं, "उत्तरेकडची बरीच शिल्लक आहे, ती दक्षिणेला जोडली तर?" महाराजसाहेब म्हणाले, "हा चौथा अतिचार, क्षेत्रवृद्धी." मामा डोकं खाजवत म्हणाले, "तसं बघितलं तर मुळात किती धरली होती, तेच आता नीट आठवत नाही." महाराजसाहेब शांतपणे म्हणाले, "हा पाचवा." अडीच हजार वर्षांच्या परंपरेशी घासाघीस करायला जाऊ नये, ती आपल्या आधी दुकान उघडून बसलेली असते.

पण खरी धमाल कर्मादानांची. श्रावकाने करू नयेत असे हे पंधरा धंदे. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, गाड्या भाड्याने देणं, विष विकणं, यंत्रात पिळणं... आता पाहा, दौंड तालुका गुऱ्हाळांचा, पाटसला साखर कारखाना, इकडे शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला दुसरा. म्हणजे पिळणं हेच इथलं अर्थशास्त्र. विषवाणिज्य म्हटलं की कीटकनाशकवाले छताकडे बघतात, गाडीभाडं म्हटलं की टेम्पोवाले जमिनीकडे. किराणावाले तेवढे खुशीत असतात. मग रसवाणिज्य येतं. त्यात दारू येणारच, पण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मधाबरोबर लोणीही घातलं आहे. उरला कापडवाला. तो मान ताठ करून बसतो, पण मीटरपट्टी वर तिसऱ्या व्रतात येऊन गेलेली असते.

या सगळ्यांचा आधार म्हणजे आनंद श्रावक. उपासकदशांगसूत्रात त्याची कथा आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात, शिवाय चाळीस हजार गाई. त्याने भगवान महावीरांसमोर परिग्रहाची मर्यादा घेतली, ती नेमकी एवढीच. आहे त्यातलं काही सोडायचं नाही, फक्त वाढवायचं नाही. काकांना हा पुरुष फार प्रिय. मी लग्नानंतर मर्यादा घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आकडा टाकताना महागाई धरून टाक." (आनंदाने दातवणसुद्धा एकाच जातीचं, हिरव्या ज्येष्ठमधाचं, ठरवून घेतलं होतं. काकांच्या मोरीत टूथपेस्टच्या नळ्यांची संख्या मी मोजलेली नाही.)

कथेचा पुढचा भाग तर आमच्या घरी फारच आवडीचा. म्हातारपणी सारा कारभार मुलावर सोपवून आनंद साधनेला बसला आणि त्याला अवधिज्ञान, म्हणजे इंद्रियांविना दूरवरचं दिसणं, प्राप्त झालं. गृहस्थाला ते एवढ्या लांबवरचं होतं, हे महावीरांचे पट्टशिष्य गणधर गौतम यांना खरं वाटेना. महावीरांनी निवाडा दिला, आनंद बरोबर आहे, जाऊन क्षमा माग. साक्षात गणधर एका गृहस्थाची क्षमा मागायला गेले!

काका आणि मामा यांच्यात एका जुन्या उधारीवरून अबोला आहे. या कथेचा परिणाम असा की संवत्सरीला, म्हणजे क्षमा मागायच्या दिवशी, शिरूर-दौंड फोन कुणी आधी करायचा हे अजून ठरलेलं नाही. दोघांनाही आनंद व्हायचं आहे, गौतम व्हायला कुणी तयार नाही. शेवटी काकूच मामीला फोन लावते. खमतखामणा, म्हणजे क्षमेची देवघेव, अर्ध्या मिनिटात उरकतो, आणि मग दोघी तासभर आपापल्या नवऱ्यांचे अतिचार मोजत बसतात. ९९ ला थांबल्याचं कधी ऐकलं नाही.