मोटार नव्हती ती, वहिनी

नाही हो वहिनी, पाण्याची मोटार नव्हती जळत. मी एलपी लावली होती. आमचे हेसुद्धा आधी खाली जाऊन स्विच बघून आले! थ्रॉबिंग ग्रिसल म्हणून लंडनची मंडळी, त्यांची ‘हीदन अर्थ’. इंडस्ट्रियल म्युझिक म्हणतात ना, ते नावच मुळी ह्यांच्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या कंपनीवरून रुळलं. तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या ते ऐकलं मी. पण 1976 साली तिथल्या खासदारानं ह्यांना संस्कृती बुडवणारे म्हटलंय, त्यापुढे सासूबाईंचं बोलणं म्हणजे कौतुकच.

लाइव्ह आहे, पण हॉलमधली नाही. 16 फेब्रुवारी 1980, शनिवार. हॅकनीत मार्टेलो स्ट्रीटवर ह्यांचाच स्टुडिओ, आणि त्याचं नाव काय, तर ‘डेथ फॅक्टरी’! तिथे मोजकी ओळखीची माणसं बोलावली आणि रात्री आठनंतर पाऊण-एक तासात अख्खी एलपी वाजवून मोकळे झाले. आपल्याकडे कुणाच्या दिवाणखान्यात बैठक व्हायची ना, अगदी तसं. फक्त तंबोऱ्याच्या जागी ख्रिस कार्टरची यंत्रं. तो सर्किटं स्वतःच जोडायचा. पीटर क्रिस्टोफरसन टेप वाजवायचा. तोच हो, पिंक फ्लॉइडची कव्हरं करणाऱ्या हिपग्नॉसिसमधला.

जरा इकडे सरका, हे मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. कोझी फॅनी टुटी आणि जेनेसिस पी-ऑरिज, हे आधीचं जोडपं. मग कोझी जेनेसिसला सोडून ख्रिसकडे गेली. म्हणजे त्या शनिवारी जुना संसार नि नवा संसार एकाच खोलीत, हातात वाद्यं घेऊन! मी मनचं नाही सांगत, कोझीनं 2017 मध्ये आत्मचरित्रात सगळं लिहिलंय. आणि तिचा तो कॉर्नेट, वहिनी... घरघरीतून असा वर येतो की वाटतं, एवढ्या पसाऱ्यात हिलाच काहीतरी सांगायचंय.

पुढे सव्वा वर्षात बिनसलंच. 29 मे 1981ला सॅन फ्रान्सिस्कोत फूट पडण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याचीही एलपी आहे, ‘मिशन ऑफ डेड सोल्स’. ती मला नाही आवडत. सगळा गडबडगुंडा, कोण काय वाजवतंय कळत नाही. ‘हीदन अर्थ’मध्ये चौघं एकमेकांचं ऐकताना कळतात. भांडणं असलेल्या घरात हे सोपं नसतं, तुम्हाला मी काय सांगायचं!

मोबाइलवर का नाही ऐकत म्हणता? ऐकते की. पण एलपीवर मध्ये उठून बाजू पालटावी लागते, तेवढीच कानांना उसंत. शिवाय खर्जाला तबकडीवर रुंद खाच लागते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त भरलं तर आवाज दबतो. ‘हीदन अर्थ’ची लांबी बरोब्बर तेवढ्यात बसते.

सुरुवातीच्या 785 प्रती निळ्या तबकडीवर निघाल्या होत्या. त्यांच्यामागे संग्राहक वेडे असतात, किमतीही तशाच. तुमच्या लेकाला घ्यायची असेल तर म्यूट कंपनीनं 2018 साली पुन्हा काढलेली घेऊ दे. ऐकायला तीच बरी, नि खिशालाही.