उशाशी तांब्या

आटगाव स्टेशनात उतरलेला पाहुणा हटकून विचारतो, "तानसा इथून जवळच ना?" जवळच. १८९२ पासून मुंबई तिचं पाणी पिते. भातसा धरणही आमच्याच शहापूर तालुक्यातलं. अन् मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत बसतात.

या कोड्याचं उत्तर मला एका चिपने दिलं.

आईच्या जपासाठी मी मोजणीयंत्र केलं होतं. बटण दाबलं की ७४९० चिपने आकडा एकाने पुढे न्यायचा. पण चारावरून ती थेट सातावर उडी घ्यायची. बटणाची थरथर मी आधीच आवरली होती, तरीही तेच. आई म्हणाली, "फुकटचं पुण्य नको बाबा मला." आणि माळ परत हातात घेतली.

चिपची तहान चमत्कारिक असते. आकडा बदलताना काही नॅनोसेकंदांपुरता तिला विजेचा मोठा घोट लागतो. तार मात्र सरकारी नळासारखी: अचानक मागणी आली की आधी अडून बसते. तेवढ्यात पाच व्होल्ट ढासळतात, चिपला भोवळ येते आणि हिशेब चुकतो.

मी पॉवर सप्लायपाशी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वीज साठवणारा डबा, बसवला. म्हणजे धरणच बांधलं! फरक शून्य. मग लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, मसुराच्या डाळीएवढी सिरॅमिक कपॅसिटरची टिकली काढली. तिच्यावर १०४ लिहिलेलं: दहावर चार शून्यं, इतके पिकोफॅरड. म्हणजे शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरड, डब्याचा दहा हजारावा भाग. आधी पाय लांब ठेवून जोडली, तर रडगाणं तेच. पायांची लांबी हीदेखील तारच की! ७४९० ची सोय अशी, की विजेची पाच नंबरची पिन आणि जमिनीची दहा नंबरची समोरासमोर. पाय आखूड कापून टिकली चिपच्या पाठीवर आडवी टाकली, दोन डाग दिले. एकशे आठ म्हणजे एकशे आठच!

आईला सांगितलं, तर तिला काही नवल वाटलं नाही. "रात्री तहान लागली की विहिरीवर जातं का कोणी? तांब्या उशाशीच हवा."

परवा आणखी एक पाहुणा उतरला. "तानसा इथून जवळच ना?"

म्हटलं, "कोणाला?"